उधारीची बढती

गेल्या महिन्यांत एका बँकेनें मला बढती देऊं केली. नोकरींत असतांना जिची वाट पाहण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं, ती बढती पेन्शनींत निघाल्यावर, न मागतां आणि अर्ज न करितां, फोनवरून घरीं चालत आली! एका अत्यंत विनयशील मुलीनें मला सांगितलें कीं, माझा आजवरचा चोख व्यवहार पाहून बँकेनें माझें साधें क्रेडिट कार्ड बदलून त्याऐवजीं उच्च श्रेणीचें कार्ड देण्यासाठीं माझी निवड केली आहे. उधारीची मर्यादा दीड लाखांवरून चार लाखांवर जाणार; विमानतळावरील विश्रांतिकक्षांत मला मुक्तद्वार मिळणार; प्रत्येक खरेदीवर आजच्या दुप्पट गुण जमा होणार; आणि या सर्वांबद्दल वार्षिक शुल्क अवघें पांच हजार रुपये व त्यावरील कर, तेंही वर्षांत सहा लाखांचा खर्च केल्यास माफ! विचार करून सांगतों, असें म्हणून मीं फोन ठेवला.

रात्रीं जेवतांना ही वार्ता घरांत सांगितली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, घेऊन टाका. असें बोलावणें सर्वांना येत नाहीं." सूनबाईंनीं गुणांचा हिशेब मांडावयास आरंभ केला. आमच्या कुटुंबानें मात्र वाढतां वाढतां एवढेंच विचारलें, "वर्षाला सहा लाख खर्च करायचा, तो कशावर?" या प्रश्नाचें उत्तर आम्हां तिघांपैकीं कोणाजवळच नव्हतें; आणि त्याच रात्रीं प्रस्तुत लेख लिहिण्याचें माझ्या मनांत आलें.

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा असता, तर मासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु १९८० सालीं सेंट्रल बँकेनें या देशांत आपलें कार्ड काढलें, तेव्हां जें थोड्या श्रीमंतांचें कौतुक होतें, तें आज नियमित पगाराच्या प्रत्येक घराच्या दारांत उभें आहे. २०२४ च्या आरंभींच देशांतील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. नवें कार्ड घ्यावें कीं न घ्यावें, असलेलें वरच्या श्रेणीचें करावें कीं न करावें, याचा विचार बहुतेक घरांत होतच नाहीं. आणि जेथें होतो, तेथें तो 'कोणत्या कार्डाचे गुण अधिक' एवढ्यावरच थांबतो. प्रश्नच चुकीचा विचारला, तर उत्तर बरोबर येऊनही नुकसान व्हावयाचें तें होतेंच.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करितों. क्रेडिट कार्ड बाळगणें हें पाप आहे, असें माझें म्हणणें नाहीं. माझ्या खिशांत एक आहे, व तें तेथेंच राहणार आहे. माझी तक्रार निराळी आहे. कर्ज ही मनुष्याची प्रसंगीं गरज असते. तो मान कधींच नसतो. या गरजेला मानाचा पोशाख चढवून ती सुशिक्षितांच्या घरांत आणून बसविली जात आहे, आणि आम्ही शहाणे म्हणविणारे लोक दारांत रांगोळी घालून तिचें स्वागत करीत आहों, ही माझी तक्रार आहे.

'क्रेडिट' या शब्दाला मराठींत 'पत' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. आमच्या वडिलांच्या पिढींत एकाद्याची पत मोठी आहे असें म्हणत, तेव्हां त्याचा अर्थ असा असे कीं, या गृहस्थानें मागितल्यास कोणीही उधार देईल, पण तो सहसा मागणार नाहीं. वाण्याच्या दुकानांत 'आज रोख, उद्यां उधार' ही पाटी टांगलेली असे, आणि तिच्याच खालीं बसून वाणी आमचें नांव वहींत मांडून घेई. परंतु त्या उधारीला दोन कुंपणें होतीं. पहिलें असें कीं, वाण्याला आमचा पगार ठाऊक असे. आमच्या ऐपतीपलीकडे उधारी जाऊं दिली, तर बुडणारे पैसे त्याचे असत, म्हणून तो आपणच हात आखडता घेई. दुसरें कुंपण म्हणजे लाज. ज्याच्या दारावरून रोज जावयाचें, त्याची बाकी थकली म्हणजे मान खालीं घालावी लागे. शिवाय 'उधारीचें पोतें सव्वा हात रितें' ही म्हण पोराबाळांनाही पाठ होती; उधार घेणाराला मापांत कमी मिळतें, हें कोणी कोणापासून लपवीत नसे.

जुना काळ सुखाचा होता, असें मात्र कोणी समजूं नये. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दारांवर चालून गेला, आणि ती आग पाहतां पाहतां पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरली. या दंग्यांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हातीं आले, जाळून टाकले, कीं बहुतेक ठिकाणीं जमाव शांत होई. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि रोख्यावरच्या आंकड्याच्या मागें जाऊन मुळांत कर्ज किती दिलें, याचा शोध घेण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. म्हणजे निरक्षर कुणब्याला निदान एवढें कळत होतें कीं, आपला गळा कोणत्या कागदांत अडकला आहे. आम्हां पदवीधरांना आपला कागद कोठें आहे हें ठाऊक नसतें. असल्यास तो आम्हीं वाचलेला नसतो. आणि वाचावयास बसलों, तर त्याचीं अक्षरें चष्मा लावूनही दिसत नाहींत!

आतां लाजेविषयीं. माझ्या धाकट्या बंधूंच्या घरीं घडलेली हकीकत त्यांच्या अनुज्ञेनें येथें देतों. बंधु एका खाजगी कंपनींत चांगल्या हुद्द्यावर होते. त्यांच्याजवळ एका बँकेचें कार्ड होतें. पुढें ते 'बढती' घेऊन वरच्या कार्डाचे मानकरी झाले. दोन वर्षांपूर्वीं कंपनीनें त्यांचा विभाग बंद केला, आणि त्याच सुमारास घरांत आजारपण आलें. इस्पितळाचें बिल त्यांनीं कार्डावर भरलें. महिनाअखेरीस हिशेबाचा कागद आला, त्यावर ठळक अक्षरांत 'किमान देय रक्कम' म्हणून एक आंकडा होता, एकूण बाकीच्या वीसाव्या हिश्श्याइतका. बंधूंनीं सुटकेचा श्वास सोडून तेवढी रक्कम भरली. पुढच्या महिन्यांतही तेंच. त्याच्या पुढच्या महिन्यांतही तेंच. घरांत त्यांनीं अवाक्षर काढलें नाहीं. भावजयींना ही गोष्ट कळली, ती वर्ष उलटल्यावर वसुलीचे फोन घरीं येऊं लागले तेव्हां.

मला या गोष्टींत सर्वांत जें जाचलें, तें व्याज नव्हे. घरांत आईच्या सोन्याच्या पाटल्या होत्या. त्या बँकेंत तारण ठेवून कार्डाच्या निम्म्याहूनही कमी व्याजानें कर्ज मिळालें असतें. मीं बंधूंना विचारलें, "हें कां केलें नाहींस?" ते म्हणाले, "दादा, आईचें सोनें घेऊन लोकांच्या देखत रांगेंत उभें राहायचें, याची लाज वाटली." म्हणजे कमी व्याजाच्या कर्जाची लाज वाटली, आणि दुपटीहून अधिक व्याजाच्या कर्जाची वाटली नाहीं, कारण पहिल्यासाठीं दारांत जावें लागत होतें, आणि दुसरें खिशांत मुकाट्यानें वाढत होतें! कर्जाभोंवतीं लाजेचें जें जुनें कुंपण होतें, तें या कार्डानें अल्लद काढून घेतलें आहे. अखेर पाटल्या गेल्याच. फक्त त्या तारण न राहतां विकल्या गेल्या.

त्या 'किमान रकमे'चें गणित वाचकांनीं एकदां स्वतः मांडून पाहावें. समजा, बाकी एक लाख रुपये आहे व व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. 'साडेतीन' हा शब्द ऐकावयास लहान वाटतो. पण तो महिन्याचा दर आहे, वर्षाचे त्याचे बेचाळीस टक्के होतात. गृहकर्जाच्या व्याजावर वस्तू व सेवा कर नाहीं. कार्डाच्या व्याजावर मात्र अठरा टक्के आहे. म्हणजे पहिल्या महिन्याचें व्याज ३,५०० रुपये आणि कर ६३० रुपये, मिळून ४,१३० रुपये. आतां आपण बाकीच्या पांच टक्के या हिशेबानें किमान रक्कम भरीत गेलों, तर बारा महिन्यांत आपल्या खिशांतून सुमारें ५९ हजार रुपये जातात, आणि कर्ज कमी होतें तें फक्त १२ हजारांनीं! उरलेले ४७ हजार व्याजांत व करांत विरून जातात. याच रीतीनें चाललों, तर अठ्ठाविसाव्या महिन्यांत दिलेलें व्याज व कर मिळून मुद्दलाहून अधिक होतात, आणि तरीही जवळजवळ ७४ हजारांचें मुद्दल जागच्या जागीं बसलेलें असतें. हें सर्व एकही नवी खरेदी केली नाहीं असें धरून. वस्तुतः बाकी पूर्ण फेडली नाहीं, कीं बिनव्याजी मुदतीची सवलतच जाते, आणि त्यानंतर आणलेल्या पावशेर मिरच्यांवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चढूं लागतें. 'किमान देय रक्कम' हे शब्द ऋणकोच्या सोयीचे वाटतात. पण दंड चुकवून व्याज चालू ठेवण्याची ती पायरी आहे.

येथें आपल्या जुन्या धर्मशास्त्राची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. 'दामदुपट' हा शब्द आज फसव्या ठेवींच्या जाहिरातींत ऐकूं येतो; पण मुळांत तो ऋणकोचें रक्षण करणारा नियम होता. कोणत्याही एका वेळीं थकलेल्या व्याजाची वसुली मुद्दलाहून अधिक होऊं नये, असा त्याचा अर्थ. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं हिंदु ऋणकोंच्या बाबतींत तो मानला, आणि १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यांतही तो नियम आला. दरमहा व्याज भरीत राहणाऱ्या ऋणकोला त्याचा फारसा उपयोग झाला नसता, हें मला मान्य आहे. परंतु सावकारीला कोठें तरी शेवट असावा, एवढा विचार त्यामागें होता. कार्डाच्या व्याजाचें काय? राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं असा निर्णय दिला होता कीं, थकबाकीदाराकडून वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा होय. बँका सर्वोच्च न्यायालयांत गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निर्णय रद्द झाला. व्याजाच्या दरांत लक्ष घालणें हें रिझर्व्ह बँकेचें काम, आयोगाचें नव्हे, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. न्यायालयाच्या कायदेशीर मीमांसेवर बोलण्याचा माझा अधिकार नाहीं. पण त्यामुळें तीस टक्क्यांची ती भिंत पडली, आणि आतां आपल्या घराचें कुंपण आपणच घालणें प्राप्त आहे, एवढें तर कोणासही कळण्याजोगें आहे.

यावर आमचे सुशिक्षित मित्र हंसून म्हणतील कीं, "हीं सर्व रडगाणीं बेशिस्त लोकांचीं आहेत. आम्ही दरमहा पै न् पै चुकती करितों. बँकेचे पैसे पन्नास दिवस बिनव्याजी वापरतों आणि वर गुणही मिळवितों. बँक आम्हांला वापरीत नाहीं. आम्हीच बँकेला वापरतों!" या आक्षेपाला मी फार मान देतों, कारण काल-परवांपर्यंत तो माझाच होता. म्हणून त्याचें उत्तर आंकड्यांनींच देणें बरें.

घरचा महिन्याचा चाळीस हजारांचा खर्च कार्डावर करावा, आणि तेवढी रक्कम महिना-सव्वा महिना बचत खात्यांत राहूं द्यावी. तीन टक्के व्याज धरलें, तरी महिन्यास शंभर-सव्वाशे रुपये सुटतात. वर्षाचे दीड हजारांच्या आंतच. आणि एकाच महिन्यांत प्रवासामुळें किंवा विसरण्यामुळें बिल थकलें, तर कमींत कमी चौदाशे रुपये व्याज, त्यावर कर, त्यावर दंड! अकरा महिन्यांची हुशारी बाराव्या महिन्याच्या एका विसरण्यानें धुऊन निघते.

आतां बढतीचा हिशेब. माझ्या साध्या कार्डाला शुल्क नाहीं, आणि त्यावर शेंकडा एक रुपयाच्या मोलाचे गुण मिळतात. वर्षाचा खर्च ४ लाख ८० हजार; गुणांचें मोल ४,८०० रुपये. नव्या कार्डावर शेंकडा दोन. म्हणजे ९,६०० रुपये. सूनबाईंचा हिशेब येथपर्यंत बिनचूक होता. पण शुल्क व कर मिळून ५,९०० रुपये वजा केले, कीं हातीं राहतात ३,७००. म्हणजे बढती घेऊन मी अकराशे रुपयांनीं खालीं उतरतों! हा तोटा भरून काढावयाचा तर खर्च ५ लाख ९० हजारांवर न्यावा लागतो. आणि शुल्क माफ व्हावयाचें तर सहा लाखांवर. या दोन आंकड्यांतील शेजार वाचकांच्या ध्यानांत आला असेलच. आमच्या घरच्या चालू खर्चाच्या वर, परंतु फार वर नव्हे, अशा ठिकाणीं ती मर्यादा ठेवलेली आहे. हात थोडा उंचावला कीं ती लागते. पांच हजार नऊशे रुपये वांचविण्यासाठीं मीं एक लाख वीस हजार रुपये अधिक उधळावे, यालाच आमच्या काळीं आतबट्ट्याचा व्यवहार म्हणत असत.

"खर्च वाढवावयाचाच नाहीं, असा निश्चय आम्ही करूं," असें कोणी म्हणेल. निश्चयाची थोरवी मीही जाणतों. पण अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंतील प्रीलेक व सिमेस्टर या दोन अध्यापकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. व्यापारशास्त्राच्या विद्यार्थ्यांत त्यांनीं बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव मांडला. कांहींना सांगितलें, पैसे रोख द्यावे लागतील. कांहींना सांगितलें, कार्डावर द्यावे लागतील. कार्डवाल्यांच्या बोली रोखवाल्यांच्या सरासरीनें सुमारें दुप्पट निघाल्या. हे विद्यार्थी व्याजाचें गणित न येणारे नव्हते. तेंच शिकावयास ते आलेले होते. नोट हातांतून सुटतांना मनाला जो चिमटा बसतो, तोच कार्डानें काढून टाकला. आणि तो चिमटा हीच आपल्या काटकसरीची खरी शिक्षिका होती.

आणखी एक गोष्ट. हे गुण येतात कोठून? बँक कांहीं देवळांतला प्रसाद वांटीत नाहीं. आपण कार्डानें पैसे दिले, म्हणजे दुकानदाराला पूर्ण किंमत मिळत नाहीं. शेंकडा दीड-दोन रुपयांच्या आसपास वाटेंत कापले जातात, व त्यांतील मोठा वांटा आपल्या बँकेला जातो. दुकानदार तो तोटा स्वतः सोशीत नाहीं. तो किंमतींत मिसळतो. ती किंमत आपल्या घरीं धुणींभांडीं करणारी बाईही देते, आणि ती रोख देते. तिला गुण मिळत नाहींत. गुणांचा दुसरा झरा म्हणजे माझ्या बंधूंसारख्यांनीं भरलेलें व्याज. तेव्हां 'आम्ही बँकेला वापरतों' हें म्हणणें पुरतें खरें नाहीं. विश्रांतिकक्षांतली आपली फुकटची कॉफी कोणी तरी विकत घेतलेलीच असते. तें बिल आपल्यासमोर येत नाहीं, इतकेंच. यामुळें कार्ड वापरणारा प्रत्येक मनुष्य पापी ठरतो असें नाहीं; पण या व्यवहाराबद्दल जी एक विजयी ऐट मिरविली जाते, ती तेवढी सोडावी.

ही युक्ति नवी नाहीं. सप्टेंबर १९५८ मध्यें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो या शहरीं बँक ऑफ अमेरिकेनें सुमारें साठ हजार कार्डें, कोणीं मागितलीं नसतांना, टपालानें घरोघर पाठविलीं. थकबाकी व फसवणूक अपेक्षेपलीकडे गेली. तरी बँकेनें धंदा सोडला नाहीं, कारण लोकांना संवय लागली होती. न मागितलेलीं कार्डें पाठविण्यास अमेरिकेंत १९७० सालीं कायद्यानें बंदी झाली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें २०२२ च्या निदेशांत बजावलें कीं, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवांचून कार्ड देऊं नये, असलेलें कार्ड वरच्या श्रेणीचें करूं नये, आणि उधारीची मर्यादाही वाढवूं नये. तसें करून शुल्क आकारल्यास तें परत करून वर त्याच्या दुप्पट रक्कम ग्राहकाला दंड म्हणून द्यावी. ज्या 'माना'बद्दल असा दंड ठेवावा लागतो, तो मान कोणत्या जातीचा असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

मग कार्ड मुळींच घेऊं नये काय? घ्यावें, पण विळी घरांत आणावी तसें घ्यावें, दागिना आणावा तसें नव्हे. कार्डाचे खरे उपयोग आहेत. रात्रीं अपरात्रीं इस्पितळाच्या दारांत अनामत भरावी लागते. चोरट्यानें खात्यांतून पैसे काढले, तर आपली शिल्लक जाते व मागाहून भांडावें लागतें. कार्डावर तोच प्रसंग आला, तर वादांत अडकतात ते निदान प्रथम बँकेचे पैसे. पुढें गृहकर्ज घेणाऱ्या तरुणाला नियमित परतफेडीची नोंद उपयोगीं पडते. एवढ्या कामांना एक साधें, बिनशुल्काचें कार्ड पुरतें. तें घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक आहे काय? पूर्ण बाकी, किमान नव्हे, खात्यांतून आपोआप भरली जावी अशी सूचना बँकेला दिली आहे काय? आणि या कार्डाची गोष्ट घरांतील दुसऱ्या एका तरी माणसाला ठाऊक आहे काय? तिसरा प्रश्न कोणतीही बँक विचारणार नाहीं. पण माझ्या बंधूंचें घर ज्यावर वांचलें असतें, तो हाच. ज्या कर्जाची वाच्यता घरांत करवत नाहीं, तें कर्ज कोणत्याही दरानें महागच. शिवाय उधारीची मर्यादा कमी करून मागण्याचाही आपल्याला हक्क आहे. तो मीं मागच्या आठवड्यांत बजावला.

बढतीविषयीं मात्र माझें मत स्पष्ट आहे. जो मनुष्य आपल्या कामासाठीं महिन्यांतून चार वेळां विमानानें हिंडतो, ज्याचा खर्च आजच त्या मर्यादेच्या पुष्कळ वर आहे, त्यानें खुशाल घ्यावी. त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाहीं. पण ज्याला त्या कार्डासाठीं आपला खर्च वाढवावा लागेल, त्यानें ती नम्रपणें नाकारावी. चार्वाकानें कर्ज काढून तूप प्यावयास सांगितलें, असें त्याचे विरोधक सांगत आले आहेत. तूप निदान पोटांत तरी जात होतें!

ठरल्याप्रमाणें आठ दिवसांनीं त्या मुलीचा पुन्हां फोन आला. मीं नकार सांगितला. ती जराही रागावली नाहीं. दिवसांतून असे किती नकार तिला ऐकावे लागत असतील कोण जाणे. तिनें विचारलें, "सर, कारण काय लिहूं?" मी म्हणालों, "गरज नाहीं, असें लिहा." क्षणभर ती कांहीं बोलली नाहीं. मग संकोचून म्हणाली, "सर, माझ्यासमोर कारणांची यादी आहे. शुल्क जास्त आहे, दुसऱ्या बँकेचें कार्ड आहे, सध्यां वेळ नाहीं, नंतर फोन करा. 'गरज नाहीं' हें कारण यांत नाहीं." शेवटीं 'नंतर फोन करा' यावर खूण करून तिनें माझी व स्वतःची सुटका करून घेतली. म्हणजे पुढच्या महिन्यांत फोन येणारच. माझें उत्तर ठरलेलें आहे. वाचकांनींही आपापल्या घरचें उत्तर फोन येण्यापूर्वींच, जेवावयास सर्व मंडळी एकत्र बसलीं असतां, ठरवून ठेवावें.